दोन बाजूंच्या मधलं गाणं

रविवारी सकाळी आमच्या घरात गाणं लागलेलं असताना कुणी शिंकलं, तर अप्पा त्याच्याकडं असं बघायचे की शिंकणाऱ्यालाच वाटावं, आपण ह्यांच्या डाळीच्या पोत्याला काडी लावली. अप्पा म्हणजे माझे वडील. भालकीच्या बाजारात त्यांचं तुरीच्या डाळीचं दुकान होतं आणि आम्ही दुकानाच्या मागंच राहायचो. भिंतीला भिंत लागून डाळमिल. सहा दिवस ती मिल धडधडायची, घरातली भांडी फळीवर आपोआप पुढं सरकायची, आणि एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. त्यामुळं आमच्या घराण्याचा आवाजच मोठा. लग्नाकार्यात लोक विचारायचे, भांडायलात काय गा तुम्ही? रविवारी मात्र मिल बंद. त्या शांततेवर अप्पांचा डोळा असायचा. अंघोळ, लिंगपूजा उरकली की ते स्वतः सतरंजी झटकून घालायचे, टेपरेकॉर्डरवरचा भरतकामाचा रुमाल काढायचे, आणि अव्वाला सांगायचे की आता फोडणीचा आवाज नको. अव्वा, माझी आई, म्हणायची, "फोडणी मुकी कशी देऊ, ते तेवढं शिकवा." पण सुसला ती आधीच करून झाकून ठेवायची. भिजवलेले मुरमुरे, भरपूर कांदा, शेंगदाण्याचं कूट, वर लिंबू. आजही सुसल्याचा वास आला की मला आधी तानपुरा ऐकू येतो, मग भूक लागते.

ऐकायला यायचे हकीमसाहेब. युनानी औषधं देणारे, अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, पांढरा सदरा, खिशात अत्तराचा बोळा. घरात शिरतानाच म्हणायचे, "क्या नंदाबाई, आज हमकू क्या सुनाते तुम्हारे अप्पा?" अप्पा त्यांच्याशी मराठीत बोलायचे, ते अप्पांशी दखनीत, आणि दोघांचं फार अडलं तर कानडीत भांडण व्हायचं. भांडण कायम एकाच गोष्टीवर, गाण्यावर. कुणाची तान मोत्यासारखी आणि कुणाची नुसती सांडलेली, कोणत्या बुवांनी म्हातारपणी रेकॉर्ड करायला नको होती. आमच्याकडं एक रीत होती. कॅसेटची एक बाजू संपून दुसरी लावेपर्यंत कुणी बोलायचं नाही. वाहवासुद्धा नाही. अप्पांचं म्हणणं, गाणारा थांबलेला नाही, फक्त आपली फीत संपलीय, मग आपण मध्ये तोंड कशाला घालायचं? मला ती रीत मुळीच सोसायची नाही. मी तेव्हा सतरा-अठराची, अंगात मुंग्या असल्यासारखी. गुडघा हलव, सतरंजीचा दोरा ओढ, असं माझं चालायचं. अप्पा न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे.

सगळ्या कॅसेटींत एक होती ती आमच्या घरची देवघरातली वस्तू म्हणा. हुमनाबादला एका व्यापाऱ्याच्या नव्या दुकानाच्या पूजेला एका बाईंचं सकाळचं गाणं झालं होतं. बाई फार नावारूपाला आल्या नाहीत, कंपनीनं त्यांची तबकडी काढली नाही, आणि मी सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्याही. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. हकीमसाहेबांनी भावाकडून सौदीहून आलेली मशीन पोटाशी धरून तिथं पुढंच बसून तोडी भरून घेतली होती. मोठा ख्याल, सावकाश. बाई एकेक सूर पारखत वर चढतात, धैवतावर थांबतात, तिथून निषादाला हात घालतात, आता वरचा सा लागणार म्हणून आपण श्वास धरतो, आणि खट! बाजू संपली. दुसरी बाजू लावली की बाई एकदम खाली गांधारावर, इतक्या निवांत की जणू मोठं काही करून आल्या आहेत. मधलं गेलं. हकीमसाहेबांची कॅसेट मशीनमध्ये अडकली होती म्हणून ती उलटायला वेळ लागला. त्याचं दुःख त्यांना पोटच्या पोरासारखं होतं. "हाथ टूट जाते मेरे," म्हणायचे. त्या टेपवर कप वाजतो कुठं, कावळा ओरडतो कुठं, कोण खोकतं कुठं, हे सगळं आम्हाला पाठ होतं. फक्त तेवढा तुकडा माहीत नव्हता, आणि म्हणून त्या गाण्यातला सगळ्यात थोर तुकडा तोच ठरला. अप्पा ठेक्याचा हिशोब लावून सांगायचे की इथं वरच्या सा वर बाई किमान एक आवर्तन उभ्या राहिल्या असणार. हकीमसाहेब म्हणायचे, छे, उभ्या नाही, झुलल्या असणार. न ऐकलेल्या गाण्यावर दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं तावातावानं भांडत होती, आणि त्यात काही चूक आहे असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं.

आता काशीअण्णाचं सांगते. माझा थोरला भाऊ. हैदराबादला शिकून आला आणि बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला, शनिवारी रात्री घरी यायचा. हैदराबादहून त्यानं एक पेटी आणली होती, विलायती गाण्यांच्या कॅसेटींनी भरलेली. हिंदी सिनेमातलं गिटार नव्हे ते. त्यातले लोक दाढ्या वाढवून एकेक गाणं अख्खी बाजूभर वाजवायचे. मध्ये बासरी, मध्ये चर्चमधल्यासारखा ऑर्गन, मध्येच सगळं बंद आणि नुसता वारा. दुपारचं जेवण झालं की तो आपली कॅसेट लावायचा. पहिल्या दिवशी अप्पा म्हणाले, "काशी, शेजारची मिल चालू झाली का काय बग." हकीमसाहेबांनी मात्र मांडी मोडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंतरा कब आता इसमें?" अण्णा म्हणाला, "अंतरा न्हाई चाचा. हे सगळं मिळून एकच हाय." "फिर तो ख्याल हुआ ना," हकीमसाहेब म्हणाले, आणि अप्पा उखडले. पण दोन-तीन रविवार गेले तेव्हा मी बघितलं, अप्पांचं बोट मांडीवर चालायलंय. सात मात्रा मोजत होते. सात जुळल्या म्हणून खुश होऊन त्यांनी मान वर केली तर त्या पठ्ठ्यांनी पुढच्या ओळीला पाचच घेतल्या. अप्पा चिडून म्हणाले, "लबाड हायेत." पण पुन्हा लाव म्हणाले. तेव्हापासून रविवारची वाटणी ठरली. सकाळी अप्पांच्या दोन, दुपारी अण्णाची एक, आणि संध्याकाळपर्यंत भांडण.

अण्णाचं आणि अप्पांचं भांडण वेगळ्याच जागी पेटायचं. अण्णाला त्याच्या लोकांचं कौतुक हे की त्यांनी एकेक तुकडा महिनोन्महिने घासून बसवलाय, तबकडीवर जसं आहे तसंच ते हजारो लोकांपुढं वाजवतात. अप्पा म्हणायचे, मग ते गाणं कसलं, ते पाठांतर. आमचा गवई काल गायला ते आज गात नाही. यावर अण्णा म्हणायचा, "मग बाईंच्या हरवलेल्या तुकड्यात अमुकच असणार, हे तुम्ही छातीठोक कसं सांगायलाव?" यावर अप्पा आणखी मोठ्यानं बोलायचे. हल्ली अण्णा फोनवरच्या आमच्या एका ग्रुपवर पहाटे पाचला वीस-वीस मिनिटांची गाणी टाकतो. उदगीरचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्याला रोज भैरव-ललतानं उत्तर देतात. आता सगळी रेकॉर्डिंगं पुरी, कुठं खट नाही. तरुण पोरं त्यातले खोकलेसुद्धा पुसून टाकतात. मला त्याचा राग येतो. पण माझ्या रागाला आता कोण विचारतंय!

तर एका रविवारी असं झालं. तोडी चालू होती आणि मी सुसल्याचं ताट घेऊन दारात उभी. बाई निषादावर पोचल्या, खट झालं, अप्पा कॅसेट उलटायला वाकले, आणि माझ्या तोंडून गाणं सुरू झालं. मी ठरवलं नव्हतं. त्या निषादावर लटकत राहायचं मला इतकं असह्य व्हायचं की त्या दिवशी राहवलंच नाही. वरच्या सा ला लागले, तिथं ठरले नाही, आणखी वर रिषभाला जरासा धक्का दिला आणि धैवतावरून, पंचमाला नुसतं शिवून, सावकाश गांधारावर उतरले. उतरले आणि भीतीनं गार झाले. रीत मोडली होती. अप्पांचं बोट बटणावर तसंच. हकीमसाहेब गुडघ्यावर उभे राहिले आणि ओरडले, "यहीच था जी! बच्ची जो गाई, यहीच गाए थे बाई! मैं सामने बैठा था, मेरेकू याद है!" अप्पांनी बटण दाबलं. बाईंचा गांधार माझ्या गांधाराला येऊन मिळाला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अव्वा आतून धावत आली, तिला वाटलं कुणाचं काही बरंवाईट कळलं.

त्यानंतर दर रविवारी तो तुकडा मीच भरायचा. अप्पा दुकानावर गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या नंदानं बाईंची हरवलेली जागा शोधून काढली. शोधून काढली! पहिले काही महिने मी हवेत होते. मग मला ते टोचायला लागलं. दाद यायची ती बाईंना. "काय उतरल्यात बाई!" असं अप्पा माझ्याकडं बघून म्हणायचे. मी म्हणजे फाटक्या धोतराला लावलेलं ठिगळ. बारावी झाली होती, बिदरला डी.एड.चा अर्ज भरून ठेवला होता, आणि मला गुलबर्ग्याला गाणं शिकायला जायचं होतं. आता कलबुर्गी म्हणतात, माझ्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. तिथं एक म्हातारे गवई मास्तर घरी शिकवायचे, आणि आत्याचं घर त्यांच्याच गल्लीत. राहण्याची अडचण नाही, खाण्याची नाही, लग्नाची घाईसुद्धा कुणाला नव्हती. अडचण अप्पांची. एकदा मी जेवताना विषय काढला तर ते भाकरी मोडायची थांबले. म्हणाले, "नंदा, बरा आवाज दहा जणींचा असतो. मी सगळा जन्म ऐकण्यात घातलाय. मला कच्चं गाणं सोसत न्हाई. माझीच पोरगी कच्ची निघाली तर मी कुठं जाऊ?" मी म्हणाले, "मग दर रविवारी रडताव कामून?" ते म्हणाले, "ते बाईंचं हाय." मी ताट ढकलून उठले. अव्वानं मला नाही, अप्पांना झापलं.

झोप उडाली माझी. दिवसभर मिलच्या धडधडीत मी मोठ्यानं गायचे, कुणाला ऐकू येत नाही म्हणून. डी.एड.ची यादी लागायला आली होती, आणि त्याच आठवड्यात काशीअण्णा बातमी घेऊन आला. कोळारच्या गोदामात त्याच्याबरोबर आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचा एक जण होता, त्यालाही विलायती गाण्यांचं वेड, दोघं कॅसेटी बदलून घ्यायचे. बोलता बोलता तो म्हणाला, माझ्या चुलत्याकडंबी एक टेप हाय, हुमनाबादला कुण्या बाईचं सकाळचं गाणं, आम्ही पोरं लई चिडवतो त्याला. हकीमसाहेबांना एकदम आठवलं, होती, होती, आपल्या मशीनच्या शेजारी दुसरी एक मशीन होती! अप्पा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ठरलं. त्या टेपशी निम्मं जरी जुळलं, तर तिथूनच तुला मास्तरांकडं घेऊन जातो. न्हाई जुळलं तर बिदर." अण्णा म्हणाला, "अप्पा, कामून जुळायला पाहिजे?" अप्पा म्हणाले, "तू गप." अव्वा म्हणाली, "पोरीची परीक्षा घ्यायची तर समोर बसवून घ्या की. मेलेल्या बाईला कशाला मध्ये घालताव?" पण मीच म्हणाले, चला. मला जुळेल याची खात्री होती असं नाही. मला तो टांगलेला निषाद एकदाचा संपवायचा होता.

अव्वा सोडून आम्ही सगळे हिप्परग्याला पोचलो तेव्हा करंट नव्हता. चुलते म्हणजे सिद्रामप्पा, सत्तरीचे, फेटा बांधून वाट बघत बसले होते. टेपरेकॉर्डर चौरंगावर मांडलेला, शेजारी ती कॅसेट. सेलवर चालेल म्हणावं तर सेलच्या खोबणीला गंज. सिद्रामप्पांनी हात जोडले, "दुपारून येतो करंट. जेवून घ्या." बाजरीची भाकरी, वांगं, शेंगाचटणी, दही. सगळे जेवले.  मी उठून दारापर्यंत जायचे, खांबावरच्या तारेकडं बघायचे, परत यायचे. सिद्रामप्पांची सून म्हणाली, "बस की गं माय, तुझ्या चालण्यानं करंट येतो का?" अप्पा आणि सिद्रामप्पा तोडीवरून केव्हाच जुंपले होते. सिद्रामप्पांचं म्हणणं गांधार जरा उतरता हवा, अप्पांचं म्हणणं बाईंचाच बरोबर. हकीमसाहेब मात्र त्या दिवशी भांडणात न पडता अत्तराचा बोळा हातात फिरवत बसले होते. मी मनातल्या मनात तो तुकडा इतका घोळवला की शेवटी मला तो आठवेनासाच झाला.

करंट आला तेव्हा आधी पंखा हलला. सिद्रामप्पांनी बटण दाबलं. त्यांची कॅसेट मोठी, नव्वद मिनिटांची, म्हणून तिथं बाजू संपतच नव्हती. बाई चढायला लागल्या. धैवत. निषाद. आमच्याकडं जिथं खट व्हायचं ती जागा आली, गेली, आणि निषाद अर्ध्यावर सुटला. तबला चालूच. मग बाईंचा बोलण्याचा आवाज आला, अगदी माजघरातल्यासारखा: "ते लेकरू घ्या की गं कुणीतरी, कवाचं रडायलंय. आन मला घोटभर पाणी द्या." लेकराचं रडणं लांब लांब गेलं. तांब्या वाजला. बाई खाकरल्या, तबलजीला म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या," आणि हसल्या. बायकाही हसल्या. पुढचं आवर्तन आलं आणि बाईंनी खालूनच, निवांत, गांधार लावला. तोच, आम्हाला पाठ असलेला.

 अप्पांनी हात केला, सिद्रामप्पांनी टेप मागं घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. लेकरू, पाणी, हसू. आधी काशीअण्णा फुटला. तोंडात पंचा कोंबून हसला, मग अंगणात जाऊन हसला. हकीमसाहेबांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मैं तो नीचे मुंडी डालके कैसेट से झगड़ रहा था जी. मैं सुनाच नहीं. इस बच्ची का सुना, तो मेरेकू लगा, हौ, यहीच था." मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडलेच, परक्या घरात, "मग आता काय? जुळलं का न्हाई जुळलं?" अप्पा टेपकडं बघत म्हणाले, "काय जुळवू गं? तिथं काय हायच न्हाई." मी तेवढंच ऐकलं. हरले असं समजले आणि बसमध्ये खिडकीला डोकं लावून आळंद येईपर्यंत रडले. बाईंचा राग आला, त्या लेकराचा आला, सगळ्यात जास्त अप्पांचा आला. आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटत होती. इतके दिवस मी बाईंच्या पदराआड गात होते. तो पदरच निघाला. आता ते चांगलं का वाईट, हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

गुलबर्ग्याच्या स्टँडवर भालकीची गाडी लागलेली होती. अप्पांनी हकीमसाहेबांना आणि अण्णाला आत बसवलं, खिडकीतून शेंगाचा पुडा दिला, आणि मला म्हणाले, "पिशवी घे तुझी." मी विचारलं, कुठं? ते चालायलाच लागले. स्टँडबाहेर रसवंतीपाशी थांबले. माझ्याकडं न बघता बोलले, आणि त्यांचा तो मिलवर मात करणारा आवाज पार बसला होता. "बाई पाणी प्यायल्या तिथं. मग मी दर रविवारी रडायलो होतो ते कुणाच्या गाण्याला? सगळा जन्म ऐकण्यात घातला म्हणायलो, आन घरातलं गाणं वळखलं न्हाई. लई चुकलं माझं, माय." बापानं असं बोलावं याची मला सवय नव्हती. मी म्हणाले, "रस प्या." त्यांनी घेतला नाही.

मास्तरांच्या घरी बाहेरच्या खोलीत दोन मुलं तानपुरा जुळवत होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. अप्पांनी चप्पल काढली, नमस्कार केला, आणि मला पुढं केलं. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अप्पांना विचारलं, "काय येतं हिला? कुणासारखं गाते?" मी अप्पांकडं बघितलं. रस्त्यात कुणी नुसतं एखाद्या बुवांचं नाव काढलं तरी तासभर बोलणारा माणूस. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली. "मला न्हाई सांगता येत," म्हणाले, "तुम्हीच ऐका," आणि दारापाशी, चपलांच्या शेजारी, पोरांमध्ये जाऊन बसले.